चौतीस पावलांचा आवाज

अन्याय झाला तो माझ्या घरमालकांवर. उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी. जागा: बडोदं, पाणीगेटच्या आत, त्यांच्याच घरातली पुढची खोली. आजवर मी पुष्कळ पत्रकं लिहिली आणि प्रत्येकात दुसऱ्या परिच्छेदात आरोपीचं नाव ठणकावून सांगितलं. इथे तो नियम मोडायचं काही कारण नाही.

आरोपी मी आहे.

घरमालकांना मी काका म्हणायची. कोयलीकडच्या रिफायनरीत त्यांनी उभा जन्म शिफ्टमध्ये काढला होता. ते निवृत्त झाले, त्यांची शिफ्ट झाली नाही. सकाळी सहाला ते लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट चढवायचे आणि घरात चालायला लागायचे. वर माझ्या खोलीत फरशीखालून ठाक-ठाक ऐकू आलं की समजायचं, पहिली पाळी सुरू झाली.

"यांचे पणजोबा सरकारच्या घोडदळात होते," काकू मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "घोडा गेला बाई, टापा राहिल्या."

काकांच्या खिशात एक लांबट वही असे. तिला ते लॉग म्हणत. प्लांटमध्ये प्रत्येक पाळीला प्रत्येक मीटरपाशी चालत जायचं, काटा डोळ्यांनी बघायचा आणि आकडा लिहायचा, ही त्यांची सवय. घरात मीटर एकच होता, विजेचा. तो त्यांना पुरेना. मग कुकर आला, नळ आला, समोरच्या ओट्यावर झोपणारा कुत्रा आला. काकूंचा उल्लेख लॉगमध्ये 'ऑपरेटर' असा असे. काकूंना ते माहीत होतं आणि मान्य नव्हतं.

आमच्यात भाड्याशिवाय आणखी एक व्यवहार होता. माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता आणि काकांना मराठी टाईप करता येत नव्हतं. म्हणून मी त्यांना टायपिंग शिकवायचं आणि बदल्यात त्यांचा कॉम्प्युटर वापरायचा. इंटरनेट टेलिफोनच्या लाइनीवर चाले. ते चालू असेपर्यंत फोन बंद. काकूंची बहीण फोन लावून लावून थकली की थेट रिक्षा करून यायची आणि दारातूनच विचारायची, "जिवंत आहात का सगळे?"

आता मला कॉम्प्युटर कशाला हवा होता ते सांगते, कारण गुन्ह्याचं मूळ तिथे आहे.

आमची एक चळवळ होती. माणसं अकरा, फलक चौदा. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. मला ते येत होतं, आणि अजूनही येतं. शत्रू द्या, पत्रक घ्या! पण आमच्या प्रमुखांना कुणीतरी सांगितलं की आता पत्रकं कोणी वाचत नाही, ब्लॉगचा जमाना आहे. ते मला म्हणाले, "बेन, ब्लॉग चालू करो. रोज एक लेख. तुम्हाला काय, डाव्या हाताचं काम!"

पहिला आठवडा धडाक्यात गेला. दुसऱ्यात जरा ओढाताण झाली. तिसऱ्या आठवड्यात माझे शत्रू संपले. जे होते त्यांना प्रत्येकी दोनदा झोडून झालं होतं. मी पडद्यासमोर बसून राहायची. एका ओळीत 'आज' एवढाच शब्द. पुढे काही येईना.

काका मागून बूट वाजवत आले.

"किती वेळ बसलीस?"

"साधारण तासभर."

"साधारण म्हणजे किती?"

"काका, सुचत नाहीये हो."

"सुचायचं काय त्यात? ऊठ. खंडेराव मार्केटला जा, एक फेरी मार, दहा रीडिंग घेऊन ये. चल!"

मी गेले. दीड तास उन्हातून फिरले. परत येऊन वही त्यांच्यापुढे धरली. तिच्यात दोन नोंदी होत्या. एक: प्रचंड गर्दी. दोन: अन्याय.

काकांनी चष्मा वर केला. "अन्याय किती होता?"

"म्हणजे?"

"किती? कुठल्या टोकाला जास्त, कुठे कमी? सकाळपेक्षा वाढला की उतरला? तू बघितलास कुठून, लांबून की जवळून?"

मी भडकले. अन्याय हा मोजण्याचा विषय नव्हे, झगडण्याचा विषय आहे, असं एक लहानसं भाषण मी तिथेच केलं. काकांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि लॉगमध्ये लिहिलं: 'भाडेकरू. भाषण. चार मिनिटे. हातवारे सहा.'

ब्लॉग म्हणजे काय, हे माझ्या हालांवरूनच त्यांना कळलं आणि ते म्हणाले, हे तर आपलंच काम. मी त्यांना ब्लॉग उघडून दिला. पासवर्ड मीच घातला, तो मला माहीत होता, हेही आरोपपत्रात नोंदवून ठेवा. आणि ज्या माणसाने जन्मात पोस्टकार्डापलीकडे काही लिहिलं नव्हतं, तो एका बोटाने रोज तीन-तीन नोंदी टाकायला लागला. पाळीला एक. मी बघत राहिले. मला जळजळ झाली. लिहिणारी मी होते!

वानगीदाखल दोन देते.

'सकाळ ८:१०. कुकर. शिट्ट्या तीन. चौथीच्या आधी ऑपरेटरने गॅस बंद केला. कारण विचारले. उत्तर नाही. पुन्हा विचारले. उत्तर मिळाले. लिहिण्याजोगे नाही.'

'दुपार ३:४०. समोरचा कुत्रा. काल ओट्याच्या डाव्या कडेला, आज उजव्या. सावली हललेली नाही. चौकशी चालू.'

कुत्र्याची चौकशी चार दिवस चालली. शेवटी निष्पन्न झालं की डाव्या बाजूच्या घरी नवी सून आली होती आणि ती सकाळी ओटा फिनाईलने पुसत होती. सूनबाईंचा स्वभाव, सासूचं मत, फिनाईलचा वास उंबऱ्यापासून किती फुटांपर्यंत येतो, सगळं ओघाने आलं. मी चारही दिवस वाचत होते. मी, जिला माणसांपेक्षा मागण्या जास्त ठाऊक होत्या!

"काका, तुम्हाला रोज विषय मिळतो कुठून?" मी एकदा चिडूनच विचारलं.

"हे बघ पोरी. आमच्याकडे काही पोरं लिहायची: सर्व ठीक. 'सर्व ठीक' लिहिणारा माणूस झोपलेला असतो. तेवढं न लिहिता पान भरायचं ठरव, मग पाय आपोआप उठतात."

"आणि कंटाळा आला तर?"

"कंटाळ्याला रिलिव्हर येतो का, पाळी बदलून घ्यायला? नाही ना? मग पाळी संपेपर्यंत थांबायचं त्याने."

काकू आतून ओरडल्या, "जवा द्या ना, सोडा आता! त्या पोरीला जेवू द्या. शाक गार होतंय."

"किती गार?" काका म्हणाले, आणि ताटात बोट बुडवायला गेले.

त्यांच्या सगळ्या नोंदींत एक नोंद रोज असायची. खंडेराव मार्केटात मेथी विकणारी रेवाबेन होती. तिची आरोळी अशी की मार्केटची कमान दचकावी. काकांनी एकदा उभं राहून मोजलं: "ए मेथीऽऽ, ताजी मेथी!" हे तिच्या टोपलीपासून चौतीस पावलांवर स्पष्ट ऐकू येतं. मग तो त्यांचा मीटर झाला. रोज सकाळी जायचं, तिच्याकडे पाठ फिरवून पावलं मोजत निघायचं आणि शब्द तुटला की थांबायचं. चौतीस. चौतीस. तेहेतीस, बाजूला उसाचा चरक चालू. चौतीस. रेवाबेनलाही ते माहीत झालं होतं. काका दिसले की ती पदर खोचून बसायची आणि सगळ्या भाजीवाल्यांना गप्प करायची, "चूप रहो! काका मापवा आव्या!" काका तेहेतीस म्हणाले तर तिला दिवसभर चैन पडायचं नाही.

आता मंगळवारकडे येते.

त्या मंगळवारी आमच्या चळवळीच्या ब्लॉगला सहा दिवसांचा उपास घडला होता. प्रमुखांचा निरोप आला होता: आज काही आलं नाही, तर काम दुसऱ्याकडे. काकांना दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. त्यांनी सकाळची नोंद टाईप करून ठेवली होती, पण काकूंच्या बहिणीचा फोन चालू असल्याने इंटरनेट लागत नव्हतं. जाता जाता म्हणाले, "फोन सुटला की फक्त बटण दाब. बाकी हात लावू नकोस."

फोन सुटला. मी नोंद वाचली.

'रेवाबेन. १९ पावले. घसा बसला आहे. कारण: उत्तरायणाचे दोन दिवस गच्चीवर ओरडली. पाच पतंग कापल्याचे सांगते. पडताळणी शक्य नाही.'

एकोणीस! मी वाचकांना विचारते, रोज चौतीस पावलं जाणारा एका कष्टकरी बाईचा आवाज एका झटक्यात एकोणिसावर येतो, आणि तुम्ही पतंगांचं काय सांगता? माझं पत्रकातलं रक्त उसळलं. गच्ची मी काढून टाकली. पाच पतंग काढले. 'एकोणीस' तेवढं ठेवलं आणि पुढे लिहिलं: 'कोणी दाबला हा आवाज? चौतीस पावलांची ललकारी एकोणिसावर आणणाऱ्या महागाईचा धिक्कार असो! आज रेवाबेन, उद्या तुम्ही!' नऊ वीस. बटण दाबलं. काकांच्या ब्लॉगवर, काकांच्या नावाखाली. आणि तेच त्यांच्या नावासकट उचलून आमच्या ब्लॉगवरही टाकलं. काका दात काढून आले आणि गाल धरून झोपले, दिवसभर कॉम्प्युटरकडे फिरकले नाहीत.

प्रमुख इतके खूश झाले की त्यांनी त्याच दिवशी त्याच्या झेरॉक्स काढल्या. बुधवारी सकाळी आमची अकरा माणसं खंडेराव मार्केटात. कापडी फलकावर लिहिलेलं: रेवाबेनला तिचा आवाज परत द्या! आम्ही घोषणा दिल्या. रेवाबेनला काही कळेना. तिच्या शेजारच्या लिंबूवाल्याने तिला पत्रक वाचून दाखवलं. ती ऐकत गेली, ऐकत गेली, आणि मग उठून उभी राहिली.

"कोणे दबाव्यो मारो अवाज? कोणे?" एका दिवसाचा काढा पोटात घेऊन ती जी कडाडली, ती आमच्या प्रमुखांनी नंतर साठ पावलांवरून ऐकली, कारण तोपर्यंत ते तिथे पोचले होते. "पाच पतंग काप्या में! पाच! ए कोणे भूंसी नाख्या?" पाच पतंग कुणी पुसून टाकले, हा तिचा खरा सवाल होता. महागाईशी तिचं त्या क्षणी काही भांडण नव्हतं.

नेमके तेव्हाच काका आले. हातात वही, गाल दाताने सुजलेला. रेवाबेनने पत्रक त्यांच्यापुढे धरलं. खाली त्यांचं नाव होतं.

"काका, तमे खोटुं लख्युं?"

काकांनी पत्रक वाचलं. माझ्याकडे बघितलं. मी फलकाची एक काठी धरून उभी होते. त्या दिवशी त्यांनी पावलं मोजली नाहीत. सरळ घरी गेले आणि बूट काढून ठेवले.

मला वाटलं होतं, रागावतील. त्यांनी लॉगच बंद केला.

सकाळी सहाला फरशीखालून काही ऐकू येईना. पहिले दोन दिवस बरं वाटलं, झोप झाली. तिसऱ्या दिवशी मी पाचलाच जागी होऊन वाट बघायला लागले. खाली काका हिंचक्यावर बसून असायचे. पाय जमिनीला टेकलेले. हिंचका हलत नसायचा.

काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अगं, काल मी मुद्दाम कुकरच्या सात शिट्ट्या होऊ दिल्या. डाळीचा लगदा झाला. मी इथून ओरडतेय, सात झाल्या हो! यांचं लक्ष नाही. आज भाजीत दोनदा मीठ घातलं. जेवले. पाणी प्यायले. किती खारट, तेही विचारलं नाही."

"मी बोलते त्यांच्याशी."

"बोलू नकोस बाई. बोलूनच झालंय सगळं. तुझी ती क्रांती तेवढी परत घे."

जन्मभर ज्यांनी त्या वहीला सवत म्हटलं, त्या काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. मला पहिल्यांदा कळलं की मी नेमकं काय मोडलं.

मी माफीनामा लिहिला. दोन पानं. 'परिस्थितीच्या रेट्यामुळे', 'व्यापक हित लक्षात घेता', सगळं त्यात होतं. काकांनी वाचला आणि परत दिला.

"यात चूक कुठाय?"

"सगळं चुकलं असंच लिहिलंय."

"सगळं म्हणजे किती?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पोरी, नवा होतो तेव्हा एकदा मी खुर्चीत बसून रीडिंग लिहिलं. जिना चढायचा कंटाळा. माझे सीनिअर मला भर दुपारी वर घेऊन गेले. काटा आठवडाभरापासून अडकलेला होता. म्हणजे माझ्या आधीचे सगळेच खुर्चीतून लिहीत होते. काही झालं नाही, कोणी मेलं नाही. पण त्यानंतर मी एकही रीडिंग बसून लिहिलं नाही. आणि तू माझ्या नावावर बसून लिहिलंस."

"मग मी ते पुसून टाकते."

"पुसायचं नाही!" ते एकदम हिंचक्यावरून उठले. "खोडरबरवाल्यावर माझा चोरापेक्षा जास्त राग आहे. लॉगमध्ये चुकलं तर एक रेघ. एकच. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं, आपली सही करायची, वेळ घालायची. चूक कोणाची ते कळलं पाहिजे, आणि काय होती तेही."

एवढं बोलून ते परत बसले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी मार्केटात गेले. रेवाबेनने मला ओळखलं. आरोळी दे म्हटलं तर देईना. "मफत मां नहीं," म्हणाली. तीन जुड्या मेथी घेतल्यावर तिने पदर खोचला. मी पाठ फिरवली आणि चालायला लागले. मला वाटलं होतं, हे वेड्यासारखं दिसेल. दिसलंच. लिंबूवाला हसला, एका माणसाने विचारलं की काय हरवलंय. पण मागून ती आरोळी येत होती आणि मी कान देऊन ऐकत होते. बारा, तेरा, चौदा. तिच्या आवाजाला शेवटाला एक खरखर होती. ती मी बुधवारी अर्ध्या तासाच्या घोषणांत ऐकली नव्हती. तीस पावलांवर 'ताजी' धूसर झालं. तेहेतिसावर तुटलं.

घरी येऊन मी काकांच्या ब्लॉगवर माझ्या प्रत्येक वाक्यावर एक एक रेघ मारली. पाच पतंग परत घातले. खाली लिहिलं: 'चूक माझी. रेवाबेनला न विचारता लिहिले. आज प्रत्यक्ष मोजले: ३३.' सही. वेळ. आमच्या ब्लॉगवरही हेच. एवढं छोटं मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. प्रमुखांनी मला संध्याकाळी पदावरून काढलं, ते वेगळं.

काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी नाक पडद्याला लावून वाचलं.

"तेहेतीस?"

"हो."

"नक्की?"

"दोनदा मोजले."

"पण तू माझ्यापेक्षा बुटकी. तुझी ढांग लहान. तुझे पस्तीस-छत्तीस व्हायला हवेत." ते पुटपुटले. कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे माझे बत्तीससुद्धा होणार नाहीत. म्हणजे घसा अजून बरा नाही तिचा. अगं ए! खडीसाखर कुठे ठेवलीय?"

"कशाला हवीय?" काकू आतून.

"कशाला काय, मार्केटात चाललोय!"

ते बूट शोधायला लागले. काकू डबा घेऊन बाहेर आल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "आधी ही मेथी निवडायला बसा. तीन जुड्या आणल्यात या पोरीने. घर आहे का घोडागाडीचा तबेला?" पण डबा त्यांनी दिला. काकांनी खडे मोजून घेतले.

त्या दिवसापासून ब्लॉग पुन्हा सुरू झाला, मात्र एका अटीवर. काकांचं म्हणणं, एकट्याचा लॉग खरा नव्हे. प्लांटमध्ये पुढच्या पाळीचा माणूस वाचतो, जाऊन बघतो, मग सही करतो. तशी प्रत्येक नोंदीखाली घरच्यांखेरीज दुसऱ्या कुणाची तरी सही हवी. दोन वर्षं ती मी केली. रोज एक नोंद निवडायची, जागेवर जायचं, बघायचं आणि खाली लिहायचं: 'पाहिले. बरोबर.' किंवा 'पाहिले. कुत्रा आज आला नाही.' या दोन वर्षांत मला लिहायला विषय नाही असं एकदाही झालं नाही.

आता मी नोकरीसाठी भरुचला आहे. इथून सही करून बघितली. काकांनी ती एक रेघ मारून रद्द केली आणि शेजारी लिहिलं: 'न पाहता केलेली सही.' बरोबरच आहे. पण त्यामुळे गेले पंधरा दिवस त्यांच्या एकाही नोंदीखाली कोणाचं नाव नाही. काकू फोनवर म्हणाल्या की परवा ते म्हणत होते, कोणी बघतच नसेल तर बूट तरी कशाला घालायचे. काल सकाळी सहाला उठले नाहीत. सव्वासहाला उठले.

तेव्हा बडोद्यात राहून 'ब्लॉग लिहायचाय हो, पण सुचत नाही' म्हणणाऱ्यांनो, तुम्हाला सांगते. माझ्याकडे सहानुभूती नाही. उद्या सकाळी खंडेराव मार्केटात जा. रेवाबेनकडून मेथी घ्या, फुकट ती ओरडत नाही. पाठ फिरवा, चाला, मोजा. मग पाणीगेटच्या आत शिरून लॉगवाले काका कुठे राहतात ते कुणालाही विचारा, त्यांच्या पुढच्या खोलीत बसा आणि त्यांच्या नोंदीखाली तुमचा आकडा लिहा. सही करा. वेळ घाला.

आणि 'छान' असं लिहू नका. काका विचारतील, किती.